शाळा सुरू झाल्या आणि थोरली दारात उभी राहते. घरी शिकणाऱ्या मुलांचा तुमचा दिवस कसा जातो?

कृष्णाकाठची_आई (वाई)

नमस्कार. गेल्या जूनपासून आमची दोन्ही मुलं घरीच आहेत. थोरली साडेसात वर्षांची, धाकटा चारचा. धाकट्याचं अजून शिकणं असं काही नाही, पण तो घरात असतो आणि त्याचं असणं हाच निम्मा प्रश्न आहे, म्हणून त्यालाही मोजते.

थोरलीला शाळेतून का काढलं ते थोडक्यात सांगते. पावणेसातला बस यायची, दुपारी तीनला ती घरी. दप्तर पाठीवर तसंच ठेवून जमिनीवर आडवी व्हायची आणि झोपून जायची. डबा न उघडता परत. पहिलीच्या दिवाळीनंतर घरातही बोलेनाशी झाली, काहीही विचारलं की नुसतं ‘हं’. वर्गात पन्नासच्या वर मुलं, बाई तरी किती जणांकडे बघणार? वर्ष संपल्यावर यांनी आणि मी ठरवलं की काही काळ घरी ठेवू. पावसाळा संपेपर्यंत ती पुन्हा बडबड करायला लागली होती. तेवढ्यावरच माझं मन भरलं होतं.

हिवाळा तर फार छान गेला. यांच्या चुलत्यांची हळद आहे. फेब्रुवारीत काढणी झाली, मग शिजवणं, मग खळ्यावर वाळत घालणं. आम्ही तिघं रोज तिथेच. थोरलीनं ओली हळद बरोबर पाच किलो मोजून घेतली आणि ती आपली म्हणून एका कोपऱ्यात वेगळी पसरली, भोवती दगडांची रांग लावून. रोज संध्याकाळी झाकायची, सकाळी उघडायची. पूर्ण वाळल्यावर वजन केलं तर किलोच्या जरा वरच. ‘बाकीची चार किलो कुठं गेली?’ पाणी होतं, उडून गेलं, असं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘म्हणजे ओली हळद विकत घेतली तर आपण पाणीच जास्त विकत घेतो?’ त्यानंतर महिनाभर घरातली एकही गोष्ट वजन केल्याशिवाय राहिली नाही. कोथिंबिरीची जुडी सकाळी आणि संध्याकाळी. भावालासुद्धा, जेवणाआधी आणि जेवणानंतर.

तेव्हा मला वाटायचं, जमतंय.

आता जून लागला आणि माझा धीर सुटला. शेजारच्या मुली तिसरीत गेल्या, नवे गणवेश, नव्या वह्या. मीही जाऊन बालभारतीची तिसरीची पुस्तकं आणली, नऊ ते एक असं वेळापत्रक केलं आणि कपाटाच्या दारावर चिकटवलं. नऊ ते पावणेदहा मराठी, मग गणित, असं. चार दिवसांत घराची रया गेली. सातचा पाढा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी. त्रेसष्ट लिही म्हटलं की ३६ लिहिते. साधे शब्द वाचते, पण ‘सूर्य’ आला की ‘सूय’ म्हणून पुढे सरकते, ‘दुसऱ्या’ला तर थांबूनच जाते. आणि आम्ही बसलो की धाकटा बरोबर त्याच वहीवर येऊन बसतो. खोडरबर खातो. परवा मी त्याला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलं आणि दाराला कडी लावली. तो रडत होता, ही इकडे रडत होती, आणि मी मध्ये ‘सात चोक’ म्हणत होते. त्या दिवशी दुपारी मी जेवले नाही.

सकाळी दहाला आमच्या आळीतल्या सगळ्या मुली जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला निघतात. ही चौकटीला धरून त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहते. मी विचारलं, तुला जायचंय का? म्हणाली, ‘नाही. पण सगळ्या जातात.’

आणि सासूबाई. रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना विचारतात, ‘आज काय शिकवलंस?’ त्यांचा स्वर वाईट नसतो. त्यांना चौथीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला शाळेतून काढलं होतं. गेल्या आठवड्यात म्हणाल्या, ‘मला शिकू दिलं नाही, आणि तू शिकणारीला घरी बसवलीस.’ यावर मला बोलता आलं नाही. अजून उत्तर सापडलेलं नाही.

तर ज्यांची मुलं घरी शिकतात त्यांना विचारते. तत्त्वज्ञान नको, ते मी पुष्कळ वाचलंय. तुमचा दिवस सकाळपासून कसा जातो? लहानग्याचं काय करता? आणि जोडाक्षरं न येणं, आकडे उलटे लिहिणं, या वयात हे चिंतेचं आहे का?

---

तांबडी_माती (दापोली)

ताई, आधी ते कपाटावरचं वेळापत्रक काढा. मग पुढचं वाचा.

माझी तीन. मोठा पंधराचा, मधली अकराची, शेंडेफळ पाचचं. मोठा कधीच शाळेत गेला नाही. त्यामुळे तुमची कडी लावलेली दुपार मला चांगली माहीत आहे, माझ्याकडे ती न्हाणीघराची कडी होती आणि मी स्वतः आत होते.

आमच्याकडे घड्याळावर काही चालत नाही, कामांवर चालतं. सकाळी चहा-भाकरी झाली की मी आधी पाचवाल्याला घेऊन बसते. वीस मिनिटं. तो म्हणेल ते: चिंचोके, माती, चित्रं, मांडीवर गोष्ट. त्या वेळात मोठ्यांनी मला हाक मारायची नाही. पोट भरलेलं मूल जसं पानावरून उठतं तसा तो आपणहून उठतो, आणि मग मला चाळीस-पन्नास मिनिटं मिळतात. मी उलटं करायचे तेव्हा, म्हणजे आधी मोठ्याचा अभ्यास आणि तू थांब, तेव्हा तो दोन तास अंगावर चढून बसायचा. तुमच्या चार वर्षांच्याला तुम्ही हव्या आहात, ताई. त्याला वही नकोय.

साडेसात वर्षांच्या मुलीला बसून करायचा अभ्यास दिवसाला पाऊण तास खूप झाला. एका वर्गात चाळीस मुलं असतात म्हणून शाळेला पाच तास लागतात. तुमच्याकडे एक आहे. थोडं वाचन, थोडं गणित, वही बंद. बाकीचा दिवस घरातलाच. आत्ता आमच्याकडे भातलावणीचे दिवस आलेत, मुलं आवणात, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरली की दुपारीच वर येतात. मधली गेली तीन वर्षं एका वहीत लिहिते, पहिला पाऊस कधी, विहिरीच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या, पहिला चढणीचा, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यानं वर चढणारा, मासा कुणाला मिळाला. मी शिकवलं असतं तर आलेख काढायला ती कंटाळली असती. तिला गेल्या वर्षीची विहीर आणि यंदाची विहीर शेजारी-शेजारी बघायची होती म्हणून तिनं स्वतःच काढला.

दुपारी जेवणं झाली, भांडी झाली, की सगळे चटईवर आणि मी मोठ्यानं वाचते. तिघांना एकच पुस्तक. लहान्याला निम्मं कळत नाही, झोपतो. ही अर्धा-पाऊण तासाची गोष्ट पंधरा वर्षांत मी आजारपण सोडून चुकवलेली नाही. दिवसभरात बाकी काहीच झालं नाही तरी ती होते. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत, १९७१ पासूनचे. पावसाळाभर तेच पुरतात.

एक चूक सांगते, कारण आमच्यात चांगलंच सांगायची पद्धत पडली आहे. मोठ्याचं गणित मी ‘येईल आपोआप’ म्हणून सोडून दिलं. व्यवहारातलं सगळं यायचं, बाजारात कुणी फसवू शकलं नसतं. पण अकराव्या वर्षी अपूर्णांकांची बेरीज समोर आली तेव्हा तो पुरता अडला, आणि आपण ढ आहोत असं त्याच्या मनानं घेतलं. ते काढायला दीड वर्ष लागलं. म्हणून म्हणते, सगळं आपोआप येत नाही. रोज थोडं बसायचंच. पण रडून नाही. रडू आलं की त्या क्षणी वही मिटा, उद्या पुन्हा.

दहाच्या वेळेबद्दल. त्या वेळी तुम्ही घरात राहूच नका. पावणेदहाला तुम्हीही चपला घाला, तिघंही, आणि कुठंतरी जा. तुमच्याकडे नदी आहे, घाट आहेत. बाकीच्या निघताना ही पण निघालेली असली पाहिजे. आणि संध्याकाळी पाच ते सात तिच्या मैत्रिणी मोकळ्या असतात. ते दोन तास काहीही झालं तरी तिचे ठेवा. पाहुणे आले तरी, गावाला जायचं असलं तरी. माझ्या मोठ्याला मित्र मिळाले ते संध्याकाळच्या खो-खोच्या मैदानावर. तिथं तुझी शाळा कुठली हे पहिल्या दिवशीच विचारून झालं, नंतर कुणी विचारलं नाही.

सासूबाईंचं मी काय सांगू. फक्त एक मनात आलं. त्या चौथीपर्यंत शिकल्यात म्हणता. त्या काळची चौथी म्हणजे पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीडचे पाढे, सगळं पाठ. तुम्ही त्यांना उत्तर द्यायचं शोधताय. त्यांच्याकडे काही मागून बघितलंय का?

---

खडू_फळा (सोलापूर जिल्हा)

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, बावीस वर्षं पहिली-दुसरीच शिकवतोय. मुलानं शाळेत यावं याच मताचा मी आहे, ते लपवत नाही. पण ताईंनी विचारलेलं माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून लिहितो.

त्रेसष्टचे ३६ हा मुलीचा दोष नाही. आपली भाषाच तसं सांगते. त्रेसष्टमध्ये आधी तीन ऐकू येतो, मग साठ. मूल ऐकतं त्या क्रमानं लिहितं. म्हणूनच २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं होतं. त्यावर केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. नावं बदलावीत की नाही हा वाद बाजूला ठेवा, अडचण खरी आहे. घरी असं करा: आगपेटीच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधा. त्रेसष्ट म्हटलं की आधी गठ्ठे मांडायचे, सहा. मग सुट्या तीन. मग लिहायचं. हाताला क्रम बसला की कानाचा गोंधळ जातो. नुसतं ‘चुकलं, पुन्हा लिही’ म्हणून तो जात नाही. काड्यांचं गूल आधी मोडून टाका, घरात लहान मूल आहे.

जोडाक्षरांत तुम्ही सगळ्यात अवघड टोकापासून सुरुवात केलीत. आधी एकच अक्षर दोनदा येणारी घ्या: पक्का, बच्चा, गल्ली, अण्णा. जिभेला झटका कळतो. मग जिथं उभा दंड जातो ती: म्हैस, पुस्तक, कुस्ती, ग्लास. र सगळ्यात शेवटी, कारण तो चार वेषांत येतो. सूर्यात डोक्यावर, चक्रात पायाशी, ट्रकात खाली टोपीसारखा, आणि दुसऱ्यामध्ये आडव्या रेघेसारखा. शिवाय ‘सूर्य’मधला र लिहिलेला असतो शेवटच्या अक्षरावर आणि उच्चारायचा असतो त्याच्या आधी. डोळा पुढे आणि जीभ मागे. मोठी माणसं हे विसरून गेलेली असतात. दिवसाला पाच शब्द, तेही तिच्या तोंडातले. हळदीच्या शेतात एवढी राहिली तर ‘पत्रा’, ‘कुऱ्हाड’, ‘ट्रॅक्टर’ हे तिला आधी येतील.

साडेसातला हे सगळं नेहमीचं आहे. तरी एकदा डोळे आणि कान तपासून घ्या, आमच्या वर्गात फळा न दिसणारी मुलं वर्षानुवर्षं ‘अभ्यासात कच्ची’ म्हणून बसलेली मी पाहिली आहेत. सहा-आठ महिने असं हळूहळू करूनही अक्षरंच ओळखू येईनाशी झाली, तर मात्र वाचनाच्या अडचणींची तपासणी करणाऱ्यांकडे न्या, लाज धरू नका.

आणि मुलीनं उद्या शाळेत जायचं म्हटलं, तर दार बंद झालेलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे तिला वयानुरूप वर्गात घ्यावंच लागतं, आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची सोयही त्यातच आहे. ‘पण सगळ्या जातात’ हे तिचं वाक्य मी दोनदा वाचलं. ते ऐकत राहा, एवढंच म्हणेन.

---

रविवारचा_बाबा (पुणे)

कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्याच कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे (कलम १०), पण पालकांना शिक्षा अशी काही सांगितलेली नाही, आणि घरच्या शिक्षणाला वेगळी मान्यताही दिलेली नाही. त्यामुळे आपण सगळे त्या मधल्या जागेत आहोत हे मनाशी स्पष्ट असावं. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कधी शिक्षक दारात येतात. २०१५ मध्ये ४ जुलैला राज्यभर एकाच दिवशी असं सर्वेक्षण झालं होतं. आमच्याकडे आलेल्या बाईंना आम्ही पाणी दिलं, मुलाच्या वह्या दाखवल्या, मुलगा त्यांच्याशी बोलला. त्यांना मजुरीला जाणारी, भीक मागणारी मुलं शोधायची असतात, आणि ती शोधलीच पाहिजेत. त्यांच्याशी हुज्जत घालू नये.

पुढच्या परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा रस्ता आहे. मुलांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे तीन स्तर, आणि दहावीला वयाची चौदा पूर्ण लागतात. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. वर्षातून दोनदा परीक्षा, आणि एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी. आज तुम्हाला यातलं काही करायचं नाही. फक्त जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, पहिलीचा दाखला आणि प्रगतिपुस्तक एका पिशवीत ठेवा. आणि तिची हळदीच्या वजनाची नोंद असेल तर तीही.

---

कृष्णाकाठची_आई (वाई)

सगळ्यांना उत्तर द्यायला बारा दिवस लागले, माफ करा.

वेळापत्रक त्याच रात्री काढलं. कपाटाच्या दारावर चिकटपट्टीचे डाग राहिलेत, ते थोरलीनं मोजले, आठ.

तांबडी माती ताई, तुमचं शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले. मग एका दुपारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या तेव्हा म्हटलं, आई, हिला सातचा पाढा येत नाही, माझ्याकडून होत नाही, तुम्ही बघता का? त्या काही बोलल्या नाहीत. सूप जरा पुढे सरकवलं आणि थोरलीला समोर बसवलं. एकेक खडा काढायचा आणि एकेक म्हणायचं. त्या चाल लावून म्हणतात, मला ती चाल माहीतच नव्हती. सातचा झाला की थांबल्या नाहीत, पावकी सुरू केली. पाव, अर्धा, पाऊण… बाविसापर्यंत गेल्या आणि तिथं अडल्या. ‘इथपर्यंतच झालं होतं,’ म्हणाल्या, ‘मग धाकटा झाला.’ माझ्या हातातली कणीक तशीच राहिली.

आता रोज दुपारी दोघी बसतात. संध्याकाळी दिव्यापाशी आता त्या मला विचारत नाहीत, मला सांगतात, आज पाचाची पावकी सव्वा म्हणाली बघ न अडखळता. शाळेत घाल, असंही अजून म्हणतात. ते मी ऐकून घेते. त्यांचं दुःख माझ्या युक्तिवादानं भागणारं नाही, हे मला आता कळलंय.

गुरुजी, काड्यांचे गठ्ठे केले. पहिले तीन दिवस तीच गत, चौथ्या दिवशी लिहायच्या आधी हात आपोआप गठ्ठ्यांकडे गेला. काल एकोणसत्तरला फसली, पण तिथं मीही क्षणभर थांबते. डोळे तपासले, ठीक आहेत. कानाला पुढच्या आठवड्यात वेळ मिळाली आहे. ‘पत्रा’ आणि ‘ट्रॅक्टर’ आले. ‘सूर्य’ मी अजून काढलेलाच नाही.

धाकट्याची वीस मिनिटं सकाळी सगळ्यात आधी. त्याला मांडीवर बसून जात्याच्या खुंट्याला धरून फिरवायला आवडतं, त्यात काही घातलेलं नसतं. बाराव्या-तेराव्या मिनिटाला तोच उठून जातो. कडीला मी पुन्हा हात लावलेला नाही.

आणि दहाला आम्ही निघतो. पहिल्या दिवशी ढोल्या गणपतीच्या घाटावर गेलो, आळीतल्या मुलींबरोबरच कोपऱ्यापर्यंत, तिथं त्या उजवीकडे आणि आम्ही डावीकडे. एकीनं विचारलं, तू कुठं? थोरली म्हणाली, ‘पाणी बघायला.’ तिनं विहिरीवाल्या ताईचं ऐकल्यापासून नदीच्या पायऱ्या मोजायची वही केली आहे. परवा तीन बुडाल्या होत्या, काल रात्री धोमच्या बाजूला जोराचा पाऊस झाला, आज सात. वहीत तिनं तारीख लिहिली, पुढे ७ लिहिला, आणि त्याच्या पुढे स्वतःच्या मनानं लिहिलं: ‘अजून चढतय.’ टिंब राहिलंय, पण मी आज काही म्हटलं नाही.